पिरानेझीचा पूल आणि पाण्याखालचा पाया

मंडळी, पडद्यावर रोमचा पोन्ते फाब्रिचो हा पूल आहे. चित्रकार जोवान्नी बात्तिस्ता पिरानेझीने रोमच्या प्राचीन वास्तूंवर चार खंडांचा ग्रंथ १७५६ साली काढला, त्यातलं हे एचिंग, म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर आम्लाने रेघा कोरून त्यावरून छापलेलं चित्र. हल्ली ही चित्रं ‘भग्नावशेषांचं गूढ सौंदर्य’ म्हणून दिवाणखान्यात टांगतात, आणि मला त्याचा खरोखर त्रास होतो. पिरानेझी व्हेनिसकडच्या एका पाथरवटाचा मुलगा. मामा मात्तेओ लुक्केझी व्हेनिसच्या जलखात्यात. पाण्यात बांधकाम टिकवायचं कसं, हा ज्या घरातला रोजचा विषय, तिथला मुलगा पुलाकडे फक्त देखावा म्हणून बघेल का? पाण्याखालच्या पायाबद्दल मला आज बोलायचंय.

त्याआधी कमानींवरचा कोरीव लेख. रस्त्यांचा अधिकारी लुसियस फाब्रिसियस याने हा पूल बांधवून घेतला आणि त्यानेच तो तपासून मान्य केला, असं त्यात आहे. साल इ.स.पू. ६२. पुढे इ.स.पू. २१ मध्ये लेपिडस आणि लोल्लियस या कॉन्सलांनी, म्हणजे रोमच्या सर्वोच्च अधिकाऱ्यांनी, पूल पुन्हा तपासला, तेही तिथेच कोरलंय. ज्याने काम केलं त्याचं नाव दगडावर, जबाबदारीसकट.

नावाचा विषय निघालाच आहे, तर चार्लमाँटची गोष्ट सांगायलाच हवी. हा आयर्लंडचा तरुण उमराव रोमला आला आणि ग्रंथाचा आश्रयदाता व्हायला तयार झाला. तेव्हा बेत फक्त थडग्यांवरच्या एका खंडाचा होता. काम वाढत वाढत चार खंडांवर गेलं, उमराव मायदेशी परतला, आणि पैशाचं नाव नाही. पत्रं गेली, उत्तर नाही. मध्यस्थांनी टोलवाटोलवी केली. इकडे मुखपृष्ठाच्या पत्र्यावर चार्लमाँटचं नाव आणि कुलचिन्ह, जणू प्राचीन शिळेवर कोरावं तसं, आधीच उमटलेलं! पिरानेझीने काय करावं? त्याने ते नाव काढून टाकलं.

तांब्यावरची रेघ काढणं सोपं नसतं, बरं का. आधी पत्र्यावर मेण-राळेचा थर देतात, सुईने तो ओरखडतात, मग आम्ल उघडं पडलेलं तांबं खातं. कमानीखालचा हा गडद काळोख बघा: उजळ भाग वार्निशने झाकून बाकीचा पत्रा पुन्हा आम्लात घातल्याशिवाय असा काळा येत नाही. अशी खोल गेलेली रेघ घालवायची तर धातू खरवडा, घोटा, मागून ठोकून पातळीवर आणा. एवढं करून त्याने तिथे नवी अर्पणपत्रिका घातली. वर १७५७ साली सगळा पत्रव्यवहार छापून टाकला आणि त्यात जुन्या-नव्या मुखपृष्ठांच्या छोट्या प्रतिकृतीही दिल्या. सरदार-दरकदारांच्या मेहरबानीवर कलावंत जगत होते, त्या काळात! मला या माणसाबद्दल फार आदर आहे.

आयोजकांची चिठ्ठी आली, पाचच मिनिटं उरलीत. तर पाया.

मधल्या खांबातली ही छोटी कमान बघा. एरवी ती रिकामी दिसते. टायबर नदीला पूर आला की पाणी तिच्यातून निघून जातं आणि खांबावरचा जोर कमी होतो. म्हणजे बांधणाऱ्याने पूर गृहीत धरला होता. पिरानेझी त्याच दिशेने पुढे गेला: वर एवढा विचार, तर खाली केवढा असेल? चौथ्या खंडात त्याने रोमन सम्राट हेड्रियनच्या पुलाचा, म्हणजे आजच्या पोन्ते सांतांजेलोचा, उभा छेद काढलाय. नदीचं पात्र कापल्यासारखं, आणि तळाखाली दगडी बांधकाम. नदीखाली उतरून बघणं त्याला शक्य नव्हतं. बराचसा पाया तर्काने काढला आणि फार अवाढव्य काढला, हे मान्य. पण वरचा भार आणि पाण्याचा मारा बघून खालच्या बांधणीचा अंदाज घेणं हे इंजिनिअरचं काम आहे, आणि कलेच्या इतिहासात त्याला नुसती ‘कल्पनाशक्ती’ म्हणून निकालात काढतात. ती चित्रं बांधकामाच्या आकृत्यांसारखी, दगडागणिक वाचायला हवीत. छेदाचं चित्र पडद्यावर ठेवतो. प्रश्न त्याच्यावरच विचारा.