बरोबरीच्यांची बैठक

नमस्कार, श्रोतेहो.

पुण्यात गणेशखिंडीच्या विस्तीर्ण विद्यापीठ परिसरात एखादा शिक्षक वीस वर्षे नोकरी करतो, आणि शेजारच्या विभागातील सहकाऱ्याशी त्याची ओळख उत्तरपत्रिका तपासण्यापुरतीच राहते. नव्या शिक्षकांसाठी उद्बोधन वर्ग असतात, पुढे उजळणी वर्ग येतात, आणि पदोन्नतीच्या नियमांत त्यांना स्थान असल्याने ते पूर्णही केले जातात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात ज्येष्ठ आणि निवृत्त प्राध्यापकांकडून मार्गदर्शन मिळावे यासाठी राष्ट्रीय अभियानाची तरतूद आहे. हे सारे हवेच. परंतु ज्येष्ठांपुढे जी अडचण ओठांवर येत नाही, ती बरोबरीच्या माणसाजवळ बोलता येते, म्हणून समकक्ष सहकाऱ्यांचे छोटे गट बांधावेत, असे मला मनापासून वाटते.

गटात पाच-सहा जण पुरेत, आणि ते शक्यतो वेगवेगळ्या विभागांतले असावेत. ज्याच्या हाती आपला गोपनीय अहवाल आहे, तो त्या गटात नसावा. एवढी एक अट पाळली नाही, तर बाकीची सारी व्यवस्था वाया जाते, कारण साहेबांसमोर कोणीही आपली उणीव सांगत नाही, आणि तसे सांगावे अशी अपेक्षाही रास्त नाही.

आमच्या गटाची पहिली बैठक मला आठवते. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या एका सहकारी बाईंनी सांगितले, की मागच्या बाकांवरची मुले वर्षभर एक शब्द बोलत नाहीत. त्याबरोबर आम्ही चौघेही एकदम सल्ले देऊ लागलो, आणि बाई गप्प झाल्या. पुढच्या बैठकीपासून आम्ही ठरवले, की पहिली वीस मिनिटे फक्त प्रश्न विचारायचे, सल्ला द्यायचा नाही. तेव्हा रसायनशास्त्राच्या एका सहकाऱ्याने विचारले, "मॅडम, तासाला तुम्ही उभ्या कुठे असता?" बाई थोडा वेळ विचारात पडल्या आणि म्हणाल्या, "टेबलामागे. कायम टेबलामागेच." पुढच्या आठवड्यात त्या बाकांच्या रांगांमधून फिरत शिकवू लागल्या, आणि मागच्या बाकावरच्या एका मुलाने मराठीत प्रश्न विचारला.

शिक्षकेतर कर्मचाऱ्यांनाही अशा गटांची तितकीच गरज आहे, कदाचित अधिकच. परीक्षा विभागातला नवा लिपिक निकालाच्या दिवसांत खिडकीवर चिडलेल्या पालकांना तोंड देतो. त्याला ते कसे निभवायचे हे कोणत्याही परिपत्रकात सापडत नाही, ते दुसऱ्या विभागातल्या त्याच्याच श्रेणीच्या माणसाकडून कळते.

बैठक महिन्यातून एकदा, कार्यालयीन वेळेत आणि ठरलेल्या वारी व्हावी. सुटीच्या दिवशी बोलावले, की दुसऱ्या बैठकीलाच माणसे गळू लागतात, विशेषतः ज्यांच्यावर घरचीही जबाबदारी आहे अशा स्त्रिया. निमंत्रकाचे काम आळीपाळीने करावे. नोंदवहीत तारीख आणि उपस्थिती एवढेच लिहावे. काय बोलणे झाले, हे वहीतही नको आणि कॅन्टीनमधल्या चहाबरोबरही नको. प्रशासनाकडून मागायचे ते एवढेच, की महिन्याला दीड तास आणि एक रिकामी खोली मिळावी. नवे सत्र जूनच्या सुमारास सुरू होते, म्हणून खोलीसाठीचा अर्ज एप्रिलमध्येच द्यावा.