दिवाळीला कळलं, मग होळीपर्यंत काय केलं?

नमस्कार मंडळी. आपल्या नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधल्या जिल्हा कोर्टात कोणी ना कोणी येतंच, हातात दरखास्तीची (म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीची) नोटीस आणि तोंडात एकच वाक्य, मॅडम, केस चालू होती हेच आम्हाला माहीत नव्हतं. कधी ते पूर्ण खरं असतं, कधी अर्धं.

एकतर्फी हुकूमनामा, म्हणजे तुमच्या गैरहजेरीत झालेला निकाल, रद्द करायचा अर्ज दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर ९ रूल १३ खाली होतो. मुदत ३० दिवस, पण हे ३० दिवस मोजायचे कधीपासून? समन्स रीतसर मिळालं असेल तर हुकूमनाम्याच्या तारखेपासून, नसेल मिळालं तर हुकूमनाम्याचं तुम्हाला कळलं त्या दिवसापासून. कोर्टाच्या हुकमानं पेपरात छापून केलेली बजावणी या मुदतीपुरती रीतसर धरत नाहीत, हे लक्षात ठेवा. मात्र बजावणीत चूक होती पण तुम्हाला तारीख माहीत होती आणि हजर राहायला वेळही होता, तर नुसत्या त्या चुकीवर हुकूमनामा रद्द होत नाही.

नंदनवनचे एक काकाजी होते, बायको गेल्यावर मुलाकडे पुण्याला राहायला गेले, इकडे प्लॉटच्या इसाराची केस लागली. मी केसच्या कागदांची नक्कल काढली तर बेलिफच्या, म्हणजे समन्स पोचवणाऱ्या कोर्टाच्या माणसाच्या, रिपोर्टवर लिहिलेलं, घर बंद, शेजारी म्हणतात पुण्याला गेले. त्यानंतर पेपरात नोटीस, मग एकतर्फी हुकूमनामा. दोन वर्षं गेली होती आणि काकाजी त्या दोन वर्षांनीच घाबरून गेलेले, पण खरं सांगते, ती दोन वर्षं सोपी होती, समन्स हातात मिळालंच नाही हे रिपोर्टच बोलत होता. अवघड होते नंतरचे चार महिने. दिवाळीत शेजाऱ्याचा फोन आला, केसचं कळलं, आणि माझ्याकडे आले ते होळी झाल्यावर!

काहून थांबले विचारलं तर म्हणाले, भाचा म्हणे काही होत नाही, मग डोळ्याचं ऑपरेशन झालं, आणि लाजही वाटली हो, या वयात कोर्ट. मी म्हटलं हेच लिहू, जसंच्या तसं, तारखांसकट. कारण मुदत संपल्यावर लिमिटेशन अॅक्टच्या कलम ५ खाली उशीर माफीचा वेगळा अर्ज आणि शपथपत्र लागतं, आणि तिथे लोक काय लिहितात, तर तब्येत बरी नव्हती, बस. चार दिवसांच्या डिस्चार्ज कार्डावर चार महिने कसे झाकणार बापा? सुप्रीम कोर्टानं १९९८ मध्ये बालकृष्णन केसमध्ये वकिलाच्या हलगर्जीपणामुळे झालेला ८८३ दिवसांचा उशीर माफ केला, किती दिवस झाले यापेक्षा कारण पटतं का ते बघा म्हणाले. म्हणजे ८८३ दिवस माफ होऊ शकतात आणि कारण पटलं नाही तर ४० दिवसही अडतात.

अजून एक, नुसता अर्ज दिल्यानं दरखास्त आपोआप थांबत नाही, स्टेचा (स्थगितीचा) अर्ज त्याच दिवशी लावून द्या, लोक हे विसरतात आणि कब्जा जातो.

काकाजींच्या अर्जावर समोरच्या वकिलांनी बरोब्बर तेच विचारलं, दिवाळीला कळलं, मग होळीपर्यंत काय केलं. उत्तर शपथपत्रात आधीच होतं, ऑपरेशनचे कागद मागे जोडलेले. खर्च भरायच्या अटीवर हुकूमनामा रद्द झाला, केस आता कैफियतीवर, म्हणजे काकाजींच्या लेखी उत्तरावर, आहे.