मशाल एका तांब्याच्या नाण्याला

मागे ओळखीतल्या एका मुलाने डंजन्स अँड ड्रॅगन्सचं (डी अँड डी, टेबलाभोवती बसून फासे टाकत काल्पनिक जगातली कथा खेळायचा खेळ) नवीन कॅम्पेन, म्हणजे नवी लांबलचक कथा, सुरू करायच्या आधी मला फोन केला. म्हणाला, "दादा, माझ्या जगात जादू किती ठेवू?" आमटीत मीठ किती घालू, असं विचारावं तसं. मी म्हटलं, आधी तुझ्या गावात मशाल केवढ्याला मिळते ते सांग.

तुम्ही हसताय, पण हिशोब करून बघा. डी अँड डीच्या पाचव्या आवृत्तीचं 2014 चं नियमांचं पुस्तक घ्या. मशाल एका तांब्याच्या नाण्याला मिळते आणि तासभर जळते. त्याच पुस्तकात दुसऱ्या लेव्हलचा (पातळीचा) एक स्पेल, म्हणजे मंत्र, आहे, न विझणाऱ्या ज्योतीचा. त्याला 50 सोन्याच्या नाण्यांची माणकाची पूड लागते, ती एकदाच. उजेड मशालीइतकाच, पण कुणी मुद्दाम तोडत नाही तोवर कायमचा. 50 सोन्याची नाणी म्हणजे तांब्याची 5000, म्हणजे 5000 तास. रात्र दहा तासांची धरली तर 500 रात्रींत दिव्याचे पैसे वसूल. पुढची शंभर वर्षं फुकट! मग सांगा, ज्या शहरात हा स्पेल येणारे चार जण राहतात, तिथल्या गल्ल्या अजून अंधाऱ्या का? पुस्तकातला नगराध्यक्ष एवढा ढ आहे का?

आता हाच हिशोब मजुराच्या बाजूने मांडा. बिनकसबी माणसाला दिवसाला चांदीची दोन नाणी, म्हणजे तांब्याची वीस, मिळतात. त्याच्यासाठी तो दिवा 250 दिवसांच्या मजुरीचा. त्याच्या झोपडीत मशालच जळणार. म्हणजे जादू 'किती आहे' हे विचारून फार काही हाती लागत नाही. ती कुणाच्या दारात आहे आणि कुणाला परवडते, हे ठरलं की किती ते आपोआप ठरतं.

हा हिशोब मनापासून केलेलं डी अँड डीचं जग म्हणजे एबेरॉन. 2002 मध्ये डी अँड डी काढणाऱ्या विझार्ड्स ऑफ द कोस्ट कंपनीने नव्या जगासाठी स्पर्धा ठेवली, अकरा हजारांच्या आसपास प्रस्ताव आले आणि कीथ बेकरचं जग निवडलं गेलं. 2004 मध्ये ते पुस्तकरूपात आलं. तिथे रस्त्यावर न विझणारे कंदील आहेत, विजेच्या बळावर धावणारी आगगाडी आहे. पण मेलेल्या राजाला उठवू शकेल असा धर्मगुरू शोधायला निघालात तर पाय झिजतील. छोटी जादू सगळीकडे, मोठी जवळजवळ कुठेच नाही. मला हे फार पटतं. आपल्याकडे वाडीवस्तीवर भगत असतो, तापाचा अंगारा त्याच्याकडून आणतात, पण म्हणून कुणी त्याला डोंगर हलव म्हणत नाही. 1978 च्या रूनक्वेस्ट या अशाच दुसऱ्या खेळातही साध्या शेतकऱ्याला एखाद-दुसरा मंत्र येतो. त्याने ते जग स्वस्त होत नाही, उलट भरलेलं वाटतं.

आणि जादू कमी ठेवायची तर तीही मन लावून ठेवा. 'माझं जग लो-मॅजिक आहे' म्हणणाऱ्या निम्म्या डीएमना (खेळ चालवणाऱ्यांना) खरं तर फायरबॉलचा, त्या आगीच्या गोळ्याच्या स्पेलचा, कंटाळा आलेला असतो, बाकी काही नाही. 1991 चं डी अँड डीचंच डार्क सन हे जग बघा. तिथे मांत्रिकाने बेफिकिरीने स्पेल टाकला की आजूबाजूच्या झाडाझुडपांची राख होते. लोक मांत्रिकाला दगड का मारतात, हे समजावून सांगावं लागत नाही. किंवा 1985 चं पेंड्रॅगन, आर्थर राजाच्या कथांवरचा खेळ. जगात जादू आहेच, पण खेळाडू सगळे नाइट, म्हणजे राजाचे घोडेस्वार योद्धे. जादू गेम मास्टरच्या, म्हणजे खेळ चालवणाऱ्याच्या, हातात. आर्थरचा मांत्रिक मर्लिन आला की टेबलावर शांतता पसरते, कारण कुणाच्याही कॅरेक्टर शीटवर (खेळाडूच्या पात्राच्या कागदावर) मर्लिन लिहिलेला नाही.

मी हे सगळं शहाणपणाने सांगतोय, पण शिकलो फजिती होऊन. सुरुवातीच्या दिवसांत मी दुष्काळाचं कथानक लिहिलं होतं. उजाड वाडी, अठरा माणसं, डोंगरापलीकडे धान्याचं कोठार, वाटेत राक्षस. तीन सेशन (बैठका) पुरेल एवढी तयारी. पार्टीत, म्हणजे खेळाडूंच्या टोळीत, एक ड्रुइड (निसर्गाची जादू करणारी) होती, पहिल्या लेव्हलची. तिच्याकडे एक स्पेल होता, एका वेळी दहा बोरं देणारा. एक बोर खाल्लं की दिवसभराचं जेवण झालं. दिवसातून दोनदा टाकता येतो. तिने वही बघितली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "वीस बोरं. दोन उरतील." राक्षसाची ओळखही झाली नाही.

त्यानंतर मी शहाणा झालो असं वाटलं, तेवढ्यात गेल्या वर्षीचा प्रसंग घडला. आता पार्टी नवव्या लेव्हलला आलेली. त्यांचा फायटर (लढवय्या) मेला, क्लेरिकने (धर्मगुरूने) स्पेल टाकून त्याला उठवला. त्या स्पेलला 500 सोन्याच्या नाण्यांचा हिरा लागतो, म्हणजे मजुराची जवळपास सात वर्षांची कमाई. हे सगळं गावच्या चौकात झालं. मी रंगत यावी म्हणून गर्दी दाखवली, आणि गर्दीतल्या एका मुलीच्या तोंडी वाक्य घातलं: "माझे बाबा गेल्या आठवड्यात गेले. त्यांना उठवाल?"

पार्टीकडे आणखी एकच हिरा होता. पुढची लढाई दोन दिवसांवर.

नियम असा की माणूस जाऊन दहा दिवसांहून जास्त झाले तर हा स्पेल चालत नाही, आणि परत यायची आत्म्याचीही इच्छा लागते. नियम वाचून दाखवल्यावर टेबलावरचा एक जण हळूच म्हणाला, "म्हणजे दहाव्याच्या आत. आणि कावळा शिवला तर नाहीच." कुणी हसलं नाही. दोन तास वाद झाला, आवाज चढले, एक जण उठून गॅलरीत जाऊन उभा राहिला. फासे कुणी हातातसुद्धा घेतले नाहीत. शेवटी मी विचारलं, गावात आज कितवा दिवस? मुलगी म्हणाली, नववा. आणि सेशन तिथेच थांबवलं, कारण शेवटची बस गाठायची होती.