उंदराचं पत्र आणि लाल पेन

मागच्या रांगेत ऐकू येतंय ना? बरं. कार्यक्रमपत्रिकेवर ‘गोष्टीतल्या पत्रांतून बालशिक्षण : पाच पायऱ्या’ असं छापलंय. पायऱ्या सांगणारच आहे, पण आधी मला एक जुनं भांडण उकरून काढायचंय.

तुम्ही सगळ्या रोज वर्ग सांभाळणाऱ्या, त्यामुळे अशी पत्रं म्हणजे काय हे सांगायला नको. खेळण्यांच्या टोपलीत पाकीट सापडतं, आत उंदराचं नाहीतर अस्वलाचं पत्र, त्याची काहीतरी पंचाईत झालेली असते आणि तो मुलांकडे मदत मागतो.

एका शाळेत आम्ही हे केलं. नाव सांगत नाही. ओळखलंत तर मनात ठेवा. उंदरानं लिहिलं होतं, ‘माझं बीळ पावसात बुडालं. तुमच्या कपाटामागे राहायला येऊ का? पण मला अंधाराची भीती वाटते.’ एवढंच. चार-साडेचार वर्षांची पोरं नुसती तुटून पडली. एकीचं म्हणणं, मागे धूळ आहे, त्याला शिंका येतील. एक पठ्ठ्या पट्टी घेऊन फट मोजायला बसला. पट्टी उलटी होती, पण मोजणं मनापासून चाललं होतं. मग वाद पेटला: उंदीर शेपटीसकट मोजायचा की शेपूट सोडून? पाठटाचणात मी ‘मोजमाप’ असं लिहिलं असतं, तर हा प्रश्न मला सात जन्मांत सुचला नसता.

मग उत्तरं लिहिली. कुणी रेघोट्या मारल्या, कुणी नावातलं एकच अक्षर पानभर काढलं. एका मुलीनं नागमोडी ओळी ओढल्या आणि खाली बोट फिरवत वाचूनही दाखवलं, ‘तू ये. मी बॅटरी देईन. पण कुरतडायचं नाही.’ पुन्हा वाच म्हटलं, तर अटी वाढल्या! (हसू नका, घरमालक असेच असतात.)

तेवढ्यात मुख्याध्यापिका आल्या. ‘हे पालकांना काय दाखवायचं? यात अक्षर कुठंय?’ लाल पेन निघालं, रेघोट्यांवर फुल्या पडल्या. ताईंनी फळ्यावर ‘प्रिय उंदीरमामा, तू जरूर ये’ लिहिलं आणि सगळ्यांना तेच गिरवायला लावलं. सगळी पत्रं एकसारखी. धूळ गेली, बॅटरी गेली, शेपूटही गेली. माझा राग अजून उतरलेला नाही.

न्यूझीलंडच्या शिक्षण-संशोधक मेरी क्ले यांनी पाच वर्षांच्या मुलांचं बारकाईनं निरीक्षण करून १९६६ साली प्रबंध लिहिला. रीतसर वाचता येण्याआधीच मुलांना मजकुराबद्दल बरंच कळू लागलेलं असतं, हे त्यांनी दाखवलं. आमच्या मुलीची ओळ डावीकडून उजवीकडे गेली, संपल्यावर खाली उतरून पुन्हा डावीकडून सुरू झाली. काढलेल्या रेषेला अर्थ असतो, हे तिला पक्कं ठाऊक होतं. लाल पेनानं नेमकी त्यावरच फुली मारली.

मुलांसाठी गोष्टी लिहिणारी इंग्रज लेखिका बिअॅट्रिक्स पॉटर आठवते? तिचा तो प्रसिद्ध ससा, पीटर रॅबिट, आधी पत्रातच आला. ४ सप्टेंबर १८९३ रोजी आजारी असलेल्या पाच वर्षांच्या मुलाला तिनं चित्रांसकट गोष्ट लिहून पाठवली. दुसऱ्याच दिवशी त्याच्या धाकट्या भावालाही लिहिलं, त्यात बेडूक. भावंडांचा न्याय तिला कळत होता! पोरानं पत्र जपून ठेवलं होतं म्हणून पुढे...

चिठ्ठी आली. पाचच मिनिटं? बरं, पळते.

पत्र चार-पाच ओळींचं, त्यात एकच अडचण, आणि ती खरोखर मुलांना सोडवता येण्याजोगी. ‘रंग ओळखा’ असं उंदीर लिहीत नाही. तसं लिहिलं की मुलं ओळखतात, ताईच बोलतेय. पत्र मुलांनाच सापडू द्या आणि वाचताना शब्दांखाली बोट फिरवा. उत्तर मुलाच्या हातचं जसंच्या तसं ठेवा. तो सांगेल ते वेगळ्या चिठ्ठीवर त्याच्याच शब्दांत टिपा, व्याकरण सुधारू नका. पुढच्या पत्रात मुलांचं म्हणणं उतरलंच पाहिजे: ‘धूळ झाडली, शेपूट मावली, बॅटरीबद्दल आभार.’ यावर सगळं अवलंबून आहे, आणि कंटाळा येऊन नेमकं हेच राहतं. घाबरवणारं पात्र नको. गोष्ट तीन-चार पत्रांत संपवा, वर्षभर ताणू नका.

‘उंदीर खरा आहे का?’ असं विचारणारं एक तरी निघतंच. शपथा घेऊ नका, ‘तुला काय वाटतं?’ असं विचारा. अध्यक्ष उठले, थांबते. पाकिटावरचा पत्ता मुलांनाच घालू द्या, हे सांगायचं राहिलं होतं.