आधी माळा बघा

मंडळी, राजापूर, मालवण, वेंगुर्ले, कुठल्याही जुन्या पेठेत जा. किराणा दुकानाची इमारत समजून घ्यायची असेल तर गल्ल्यापाशी थांबू नका. मालकांना विचारून माळ्यावर चढा. माझ्या मते सगळी रचना ठरवली ती या माळ्याने.

माल यायचा समुद्रातून. आधी गलबतं, मचवे, मग आगबोटी. मृग लागला की बंदर बंद, ते नारळी पौर्णिमेपर्यंत. तेवढ्या दिवसांचा गूळ, मिरची, डाळी, तंबाखू, काड्यापेट्या दुकानदाराला उन्हाळ्यातच भराव्या लागत. म्हणजे खाली दुकान, वर वखार. तक्तपोशीत चौकोनी भोक ठेवलेलं असे, पोती दोराने तिथून वर ओढायची. मीठ मात्र वर चढवायचं नाही. पावसात त्याला पाणी सुटतं, आणि ते खाली साखरेच्या पोत्यावर ठिबकलं तर हिशेब कुणाच्या नावावर मांडायचा? ते मागच्या पडवीत, भिंतीपासून सुटं.

एवढं ओझं पेलायचं म्हणून भाल, म्हणजे मुख्य तुळई, जाडजूड आणि भिंती जांभ्याच्या. जांभा खाणीत असताना तासायला मऊ, वारा लागला की कडक होतो. पण पाणी पितो. म्हणून जोतं उंच आणि पागोळ्या भिंतीपासून लांब पडाव्यात एवढं छप्पर पुढे काढलेलं. पूर्वी वर कुंभाराची नळीची कौलं असत. १८६५ साली बाझल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेने मंगळुरात कौलांचा कारखाना काढला आणि पुढे एकमेकांत अडकणारी ती चपटी कौलं आपल्या किनाऱ्यावरही आली.

आता दर्शनी भाग. शटर नव्हतं, फळ्या होत्या. उंबऱ्याला आणि वरच्या आडव्या लाकडाला खाच; फळी वर घालायची, खाली टेकवायची, बाजूला सरकवायची. जवळून बघा, फळीवर कोरलेला किंवा रंगवलेला आकडा दिसेल. फळ्या दिसायला सारख्या, पण प्रत्येकीची जागा ठरलेली. चौथी सहावीच्या जागी घातली की शेवटची बसत नाही. आषाढात तर लाकूड फुगतं आणि नोकराचा सकाळचा अर्धा जीव फळ्या काढण्यातच जातो. शेवटच्या फळीला आतून आडणा, म्हणजे आडवा दांडा. दिवसा हे सगळं बाजूला गेलं की अख्खं दुकान रस्त्याला उघडं. गिऱ्हाईक ओट्यावर टेकून गजाली मारत मागणी सांगणार.

महामार्गावरून ट्रक येऊ लागले, १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली. पावसाळ्याची बेगमी करायचं कारणच उरलं नाही. माळ्यावर आता रिकामे खोके आणि गणपतीची मखरं. मालक स्लॅब घालतात म्हणून आपण नाकं मुरडतो. पण दरवर्षी शाकारणीला माणूस मिळवून दाखवा, मग बोलू. माझं मागणं एवढंच, इमारत उतरवण्यापूर्वी माळ्याचं मोजमाप घेऊ द्या, आणि फळ्या सरपणात घालू नका.