बुजवलेल्या दारावरचा गिलावा

नमस्कार श्रोतेहो.

नको असलेलं दार विटांनी बुजवलं, गिलावा केला, रंगही लावला. काही महिन्यांनी भिंतीवर तीच चौकट पुन्हा उमटते, केसाएवढ्या तड्यांची. जुनी भिंत केव्हाच स्थिरावलेली असते, नवं बांधकाम मात्र सुकताना आकसतं आणि दोन्ही भेटतात तिथे गिलावा फाटतो. म्हणून खरं काम कडेच्या सांध्याचं.

नव्या विटांवर सात दिवस पाणी मारा, मग आठवडाभर सुकू द्या. लिंटल म्हणजे दारावरची आडवी तुळई. तिच्याखालची फट माल, म्हणजे सिमेंट-वाळूचं मिश्रण, ठासून भरा. ती हमखास पोकळ राहते.

आता दाराच्या दोन्ही बाजूंचा आणि वरचा जुना गिलावा सहा-सहा इंच काढायचा. थांबा, आधी मेन स्विच बंद करा. दिव्यांचा बोर्ड बहुतेक दाराशेजारीच असतो, त्याचा पाइप याच पट्ट्यातून जातो. विटांमधले सांधे अर्धा इंच उकरा, धूळ ब्रशने झाडा. सांध्यावर कोंबडीजाळी दोन्हीकडे सहा-सहा इंच येईल अशी ताणून ठोका. सैल जाळी थापीखाली स्प्रिंगसारखी उसळते आणि मागे पोकळी राहते.

माल एकास पाच, म्हणजे एक भाग सिमेंट, पाच भाग वाळू. तीन बाय सात फुटांच्या दाराला, कडेचे पट्टे धरून, साधारण 15 किलो सिमेंट आणि 50 लिटर वाळू पुरते. वाळू बारीक चाळलेली हवी. मूठभर ओली करून चोळा. तळहात मातकट झाला तर वाळू धुऊन घ्या. पाणी घातलेला माल अर्ध्या तासात संपेल इतकाच कालवा. घट्ट झाल्यावर पुन्हा पाणी घालून सैल केलेला माल ताकद धरत नाही.

भिंत आदल्या दिवशी भिजवा. लावताना ती ओलसर हवी, निथळती नको. कोरडी वीट मालातलं पाणी शोषून घेते, मग गिलावा सुटतो. पहिला थर आठ-दहा मिलिमीटरचा, खालून वर थापी दाबत. थोडा आवळला की खिळ्याने रेघोट्या ओढा. दुसरा थर दुसऱ्या दिवशी.

इथे नवशिक्याची एक सोय आहे: लांब, सरळ पट्टी घ्या, तिची दोन्ही टोकं जुन्या गिलाव्यावर टेकवा आणि करवतीसारखी हलवत वर न्या. जादा माल निघतो, खड्डे दिसतात. ते भरा, पुन्हा पट्टी फिरवा. जुनी भिंत ओळंब्यात नसली तरी तिच्याशीच जुळवून घ्या. बोट टेकवल्यावर ठसा उठतो पण माल चिकटत नाही, तेव्हा लाकडी रंधा, म्हणजे गिलावा घोटायची मुठीची सपाट फळी, गोल फिरवा. घाईने कोरडं सिमेंट भुरभुरवू नका, वर जाळीदार भेगा पडतात.

दुसऱ्या दिवसापासून सात दिवस, दिवसातून तीनदा पाणी. मग थापीच्या मुठीने ठोकून पाहा. बद्द आवाज आला तर तेवढा भाग काढून पुन्हा करा. पुट्टी आणि रंग महिन्याभराने.