उठवायचं कधी, आणि किती?

पक्षाघात झालेल्या माणसाच्या खाटेशी नातेवाईक जमले की पहिला प्रश्न ठरलेला असतो : "डॉक्टर, चालायला कधी लागतील?" मी डॉक्टर नाही, फिजिओ आहे, हे सांगून झालं तरी प्रश्न तोच राहतो. मग एक काका म्हणतात, "झोपवून ठेवू नका, अंग धरेल." दुसरे म्हणतात, "मेंदूला आराम हवा, हात लावू नका." बोलतात दोघंही मायेपोटीच. या दोन काकांचं भांडण एका बाईंनी मोजून पाहिलं, त्यांच्याबद्दल मी आज बोलणार आहे.

ज्युली बर्नहार्ट मेलबर्नच्या, त्याही मूळच्या फिजिओ. 2004 साली त्यांचा एक साधा वाटणारा अभ्यास प्रसिद्ध झाला. पाच स्ट्रोक युनिट, म्हणजे रुग्णालयातले पक्षाघाताचे खास विभाग, 58 रुग्ण, दोन दिवस. सकाळी आठ ते संध्याकाळी पाच, दर दहा मिनिटांनी एवढंच टिपायचं : रुग्ण कुठे आहे, काय करतोय, सोबत कोण आहे. दिवसाचा निम्म्याहून अधिक वेळ रुग्ण खाटेवरच होते. उपयोगी म्हणावी अशी हालचाल जेमतेम 13 टक्के वेळ. आणि 60 टक्के वेळ माणूस एकटा. आपल्याकडे एकटं कोण राहतंय म्हणा, खाटेशी तिघं आणि उशाशी डबा! पण तिघं बसलेले असले तरी रुग्ण आडवाच असतो, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय.

पहिल्या काकांची बाजू बर्नहार्टबाईंना पटत होती : लवकर उठवा, वारंवार उठवा. त्यासाठी 'अ‍ॅव्हर्ट' नावाची मोठी चाचणी उभी राहिली. पाच देश, 56 रुग्णालयं, 2104 रुग्ण. एका गटाला चोवीस तासांच्या आत उठवायचं आणि वरचेवर उठवायचं, दुसऱ्याला नेहमीसारखं. पहिल्या गटाला रोज साधारण 31 मिनिटं हालचाल मिळाली, दुसऱ्याला 10. 2015 मध्ये निकाल आला. तीन महिन्यांनी आपली कामं आपण करू शकणारे रुग्ण नेहमीच्या गटात 50 टक्के आणि लवकर उठवलेल्या गटात 46 टक्के. म्हणजे काका हरले. आणि बाईही. आयुष्याची बरीच वर्षं ज्या कल्पनेवर घालवली, तीच उलटी पडली. त्यांनी ते जसंच्या तसं छापलं. मला त्यांच्याबद्दल आदर वाटतो तो इथे.

आता दुसऱ्या काकांनी लगेच खूश होऊ नये. नेहमीच्या गटातलेही निम्मे रुग्ण पहिल्या साडेबावीस तासांच्या आतच उठले होते! कुणीच आठवडाभर झोपून नव्हतं. पुढे त्याच आकड्यांची उलथापालथ केली, तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली : एकूण मिनिटं वाढवण्यापेक्षा थोडा थोडा वेळ, पण जास्त वेळा उठवलेल्यांचं बरं झालं. औषधासारखा इथेही डोस असतो. एका दमात अर्धा तास उभं करणं वेगळं, आणि पाच-पाच मिनिटं सहादा वेगळं.

आपल्या देशातही एक मोठी चाचणी झाली, 'अटेंड' नावाची. 14 रुग्णालयं, 1250 रुग्ण. एका गटात घरच्याच माणसाला व्यायाम शिकवायचे आणि घरी करून घ्यायला सांगायचं, दुसऱ्यात नेहमीसारखंच. सहा महिन्यांनी मृत्यू किंवा परावलंबित्व दोन्ही गटांत सारखंच, 47 टक्के. 2017 साली हे वाचून मी दोन दिवस गप्प होते. घरची माणसं हीच आपली ताकद, असं मी प्रत्येक भाषणात सांगायचे. आता सांगत नाही. माझा अंदाज असा, की दुसऱ्या गटातही बायको, सून, मुलगा काहीतरी करतच होते. शिकवलं नाही म्हणून आपल्याकडे कोण हात बांधून बसतं?

पण करतात ते कसं, हे महत्त्वाचं. परवा एक मुलगा वडिलांना बसवत होता. लुळा हात मनगटाजवळ धरून त्यानं "हं, उठा" म्हणत ओढला. लुळ्या खांद्याला स्नायूंचा आधार नसतो, ओढलं की सांधा निसटतो, आणि मग महिनोन्‌महिने दुखतो. मी त्याचा हात सोडवला. वडिलांना चांगल्या पायाचा गुडघा वाकवायला सांगितला, कुशीवर वळवलं, पाय खाटेवरून खाली सोडले, आणि त्याचा तळवा वडिलांच्या खांद्याच्या हाडामागे, पाठीवर ठेवला. "इथून. हात नाही ओढायचा." त्यानं पुन्हा केलं. वडील बसले, चार मिनिटं. मग म्हणाले, "पुरे आता." मी म्हटलं, पुरे. तासाभरानं परत येते.